न झालेल्या गोलांचा हिशेब

जून उलटून पावसाने एकदा मावळात ठाण मांडले, की लोणावळ्यापासून वडगाव-तळेगावपर्यंतच्या मैदानांवरून क्रिकेट हद्दपार होते आणि गुडघ्याइतक्या चिखलालाही न जुमानणारी मुले फुटबॉल घेऊन उतरतात. अशा एखाद्या सामन्यात एकाच संघाचे दोन बचावपटू नीट न्याहाळावेत. पहिला सामनाभर घसरतो, आडवा पडतो, प्रतिस्पर्ध्याच्या पायांतून चेंडू हिसकावून घेतो, आणि अखेरच्या शिट्टीला तो गळ्यापर्यंत मातीने माखलेला असतो. दुसऱ्याचा सदरा मात्र बहुतांशी कोरा राहिलेला असतो आणि त्याने काही विशेष केले असे प्रेक्षकांपैकी कोणालाच आठवत नाही. टाळ्या अर्थातच पहिल्याला पडतात. पण कडेला उभा असलेला जाणता प्रशिक्षक पुढच्या सामन्यासाठी ज्याचे नाव आधी लिहितो, तो बहुधा दुसरा असतो. असे का व्हावे, हा प्रश्न फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला असतो. आणि व्यावसायिक बचावपटूची सारी कारकीर्द, म्हणजे त्याची उशिरा येणारी परिपक्वता, त्याचा करार, त्याच्या दुखापती आणि त्याचे विस्मरण, या एकाच प्रश्नाच्या उत्तराशी बांधलेली आहे.

आघाडीवीराचे काम मोजता येते, कारण ते घडते. बचावपटूचे काम मोजणे अवघड, कारण ते यशस्वी झाले की काहीच घडत नाही. 10 सप्टेंबर 2019 रोजी दोहा येथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताची गाठ कतारशी पडली. कतार त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानला 3-1 असे नमवून आशियाई विजेता झाला होता, आणि भारताचा हुकमी गोलकर्ता सुनील छेत्री त्या रात्री मैदानावर नव्हता. यजमानांनी पंचवीसहून अधिक वेळा गोलाच्या दिशेने चेंडू मारला. सामना सुटला तेव्हा फलकावर दोन्ही बाजूंना शून्य होते, आणि त्या शून्याचा आनंद देशभर एखाद्या विजयासारखा साजरा झाला. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू याचे कौतुक सर्वांनी केले, आणि ते योग्यच होते. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या चौघांत मुंबईचा राहुल भेके, गोव्याचे मंदार राव देसाई आणि आदिल खान, व चंडीगडचा संदेश झिंगन होता. पंचविसांहून अधिक फटक्यांपैकी बरेचसे अशा जागांवरून मारले गेले, जेथून गोल होणे मुळातच कठीण होते. आणि प्रतिस्पर्ध्याला त्या जागांवर नेऊन सोडण्याचे श्रेय या चौघांचे होते.

सदतीस अंश आणि चौदा अंश

जागेचे हे महत्त्व शाळेतल्या भूमितीने सहज उकलते. गोलाच्या दोन खांबांमधील अंतर 7.32 मीटर आणि आडव्या दांड्याची उंची 2.44 मीटर असते. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून 11 मीटरवर, बरोबर मध्यासमोर असतो. त्या ठिपक्यावर उभे राहून दोन्ही खांबांकडे दोन रेषा काढल्या, तर त्यांच्यामधील कोन सुमारे 37 अंशांचा भरतो. आता गोलरेषेपासूनचे अंतर तेच 11 मीटर ठेवावे, पण मध्यापासून 15 मीटर बाजूला सरकावे; ही जागादेखील पेनल्टी क्षेत्राच्या आतच येते. येथून तोच कोन 14 अंशांच्याही खाली उतरतो. चेंडू तोच, पाय तोच, गोलजाळेही तेच. पण फटका मारणाऱ्यासमोरचे दार निम्म्याहून अधिक मिटलेले असते, आणि उरलेल्या फटीत गोलरक्षक उभा असतो.

तेव्हा बचावपटूचे पहिले कर्तव्य चेंडू हिरावण्याचे नसून, चेंडू कोठे जाईल हे ठरविण्याचे आहे. प्रतिस्पर्ध्याला मध्य बंद करून कडेला ढकलणे, त्याचा दुबळा पाय ओळखून त्याच बाजूची वाट मोकळी ठेवणे, आणि हे सर्व त्याला स्वतःचीच निवड वाटेल अशा बेताने करणे, हा या कलेचा गाभा होय. ज्याला हे साधले त्याला चिखलात लोळण्याचे प्रसंग कमीच येतात. आडवे पडून केलेला टॅकल पाहायला देखणा खरा. परंतु जो आडवा पडला तो पुढचे दोन-तीन क्षण सामन्यातून बाद झालेला असतो, आणि त्याचा डाव फसला तर त्याच्यामागे उरलेल्यांना एका माणसाने कमी होऊन लढावे लागते.

लोहगडाची वाट, विसापूरची उंची

हे तत्त्व समजून घ्यायला मावळच्या वाचकाला दूर जायला नको. मळवली स्टेशनावर उतरून भाज्यावरून गायमुख खिंडीत यावे आणि लोहगडवाडीतून गडाच्या पायऱ्या चढू लागावे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार द्वारे एकामागून एक लागतात, पण ती एका सरळ रेषेत नाहीत. वाट प्रत्येक द्वाराशी वळण घेते. वळणाशी चढणाऱ्याचा वेग मोडतो, त्याची नजर समोरच्या दगडी भिंतीवर आपटते आणि त्याची पाठ किंवा बगल वरच्या बुरुजाला उघडी पडते. ज्याने ही वाट आखली त्याने शत्रूला पहिल्याच दारात ठार करण्याची प्रतिज्ञा केलेली नव्हती. त्याला शत्रूचा वेळ खायचा होता आणि त्याला आपल्या सोयीच्या चिंचोळ्या जागेत आणायचे होते.

मैदानावर एकट्याने चाल करून येणाऱ्या आघाडीवीरासमोर उभा असलेला बचावपटू नेमके हेच करतो. त्याची उभे राहण्याची ढब जवळून पाहण्यासारखी असते. तो छाती समोर करून उभा राहत नाही. एक पाय पुढे, एक मागे, अंग तिरपे, गुडघे किंचित वाकलेले आणि भार चवड्यांवर, अशा स्थितीत तो मागे-मागे सरकतो. दोघांत हाताने शिवता येणार नाही, पण चेंडू जरा लांब सुटला तर एका पावलात गाठता येईल, इतके अंतर तो राखतो. नजर चेंडूवर असते. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांवर, डोळ्यांवर किंवा त्याच्या पायांच्या नाचण्यावर नसते, कारण खांदे हूल देतात, चेंडू देत नाही. समोरच्याने चेंडू ढोसून दोन फूट पुढे टाकला, म्हणजे पुढचा स्पर्श होईपर्यंत चेंडू कोणाचाच नसतो. त्या निमिषात पाय घालायचा. ते निमिष आले नाही तर नुसते थोपवून धरायचे. तीन सेकंद जरी थोपविता आले, तरी सेकंदाला सात मीटर या गतीने माघारी धावणारा सहकारी वीस मीटर मागे येऊन पोहोचतो, आणि एकास एक असलेला सामना एकास दोन होतो.

आणि येथे विसापूरचा संदर्भ येतो. लोहगड कितीही अभेद्य असला, तरी शेजारचा विसापूर त्याहून उंच आहे. 4 मार्च 1818 रोजी कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड रिकामा करण्यात आला. चारही दरवाजे जागच्या जागी होते. शेजारच्या उंचीवरचा आधार तेवढा गेला होता. पहिला बचावपटू चेंडूवर जातो तेव्हा दुसरा त्याच्यामागे चार-पाच मीटरवर, जरा आतल्या अंगाला सरकून उभा राहतो. यालाच मैदानावर कव्हर म्हणतात. पहिला हरला तरी वाट बंदच राहावी, ही त्यातली योजना. आपल्याकडच्या हौशी सामन्यांतले बहुसंख्य गोल पहिल्या बचावपटूच्या चुकीने होतात अशी समजूत आहे. माझ्या मते बरेचसे गोल दुसऱ्याच्या अनुपस्थितीमुळे होतात, आणि दुसरा अनुपस्थित होता हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

चौघांची एक रेषा

कव्हर दोघांचे झाले. संपूर्ण बचावफळीचे शास्त्र ऑफसाइडच्या नियमाभोवती उभे आहे. हा नियम पुष्कळांना अकारण गूढ वाटतो. सहकाऱ्याने चेंडू दिला त्या क्षणी खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असेल, आणि चेंडू व शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोहोंपेक्षाही गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर तो ऑफसाइड ठरतो. शेवटचा प्रतिस्पर्धी बहुधा गोलरक्षकच असतो. म्हणून शेवटून दुसरा म्हणजे व्यवहारात सर्वांत मागे राहिलेला बचावपटू. तो जेथे उभा, तेथे आघाडीवीराची हद्द संपते.

यातून एक विलक्षण अधिकार बचावफळीच्या हाती येतो: हद्द कोठे आखायची हे तिनेच ठरवायचे. चौघे मिळून दहा मीटर पुढे सरकले, की प्रतिस्पर्ध्यालाही दहा मीटर मागे हटावे लागते आणि मधला सारा खेळ आकसून जातो. मात्र हा अधिकार चौघांनी एका मनाने वापरला तरच टिकतो. तिघे पुढे सरकले आणि चौथा क्षणभर चेंडूकडे पाहत राहिला, तर हद्द त्या चौथ्याच्या पायाशी आखली जाते आणि उरलेल्या तिघांच्या पाठीमागे मोकळे रान पडते. म्हणून मधल्या दोघांपैकी एकाचा आवाज सामनाभर चालू असतो: वर या, थांबा, मागे, डावा माणूस तुझा. गर्दीच्या गोंगाटात हा आवाज प्रेक्षकांना ऐकू येत नाही, पण चांगल्या बचावफळीची ती पहिली खूण आहे.

चेंडूवर दडपण असताना रेषा पुढे न्यावी आणि दडपण नसताना मागे घ्यावी, हा सामान्य शिरस्ता. ज्याच्या पायाशी चेंडू आहे त्याला मान वर करून पाहायला सवड नसेल, तर तो लांबचा अचूक पास देऊ शकत नाही. त्याला सवड असेल तर पाठीमागचे रान तो बरोबर हेरतो. मावळच्या पावसात या शिरस्त्याला आणखी एक पुरवणी जोडावी लागते. ओल्या गवतावर चेंडू घसरून वेग घेतो आणि साचलेल्या पाण्यात एकदम मरतो. तेव्हा गोलरक्षकाकडे मागे दिलेला साधा पासही अर्ध्या वाटेत थबकून घात करतो. पाणथळ मैदानावर चेंडू उंच आणि कडेला काढणे यात कमीपणा मुळीच नाही. मुंबईची हारवूड लीग वर्षानुवर्षे भर पावसाळ्यात खेळली गेली, आणि तेथे तयार झालेल्या बचावपटूंच्या हातापायांत हे शहाणपण मुरलेले असे.

चौकट : नियम बदलले तसा बचावपटू बदलला

1925 पूर्वी ऑफसाइड टळण्यासाठी खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी लागत. त्या वर्षी ही संख्या दोनवर आली आणि गोलांचा पूर लोटला. त्याला बांध घालण्यासाठी इंग्लंडमधील आर्सेनल क्लबाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतील एक खेळाडू कायमचा मागे घेतला, आणि आपण ज्याला स्टॉपर म्हणतो तो जन्मास आला. 1992 साली सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घेण्यास गोलरक्षकाला मनाई झाली. तेव्हापासून दडपणाखाली पायाने शुद्ध पास देता येणे ही बचावपटूच्या नेमणुकीची अटच बनली. 2019 पासून गोल-किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची वाट न पाहता आतच स्वीकारता येतो. त्यामुळे चढाईचा पहिला पास देण्याची जबाबदारीही त्याच्याच माथी आली आहे.

पिकण्याचे वय

इतके सारे ध्यानात घेतले, म्हणजे बचावपटू उशिरा का पिकतो याचा उलगडा होतो. वेग, उसळी आणि चपळाई ही विशीत मिळालेली देणगी असते. पण चेंडू येण्याआधी तो कोठे येणार हे ओळखण्याची शक्ती केवळ पाहून, चुकून आणि पुन्हा पाहूनच अंगी येते. विशीतला आघाडीवीर दहा प्रयत्नांत नऊदा फसला आणि एकदा साधला तरी त्याचे नाव वृत्तपत्रात येते. बचावफळीच्या मध्यावरचा खेळाडू नऊदा साधला आणि एकदा फसला, तर त्याचेही नाव येते, पण वेगळ्या मथळ्याखाली. त्यामुळे शहाणा प्रशिक्षक अननुभवी मुलाला त्या जागी सहसा उभे करीत नाही, आणि उभे केल्याशिवाय अनुभव मिळत नाही. या कोंडीत बचावपटूची ऐन उमेदीची कित्येक वर्षे राखीव बाकावर जातात.

राहुल भेके याचा जन्म 1990 चा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, पुण्याचा एफसी पुणे सिटी अशी वाटचाल करून तो बंगळुरू एफसीत स्थिरावला, आणि 5 जून 2019 रोजी थायलंडमधील किंग्ज चषकात कुरासाओविरुद्ध त्याने भारताचा सदरा प्रथम चढविला, तेव्हा त्याने वयाची अठ्ठावीस वर्षे ओलांडली होती. त्याआधी अडीच महिने, 17 मार्च 2019 रोजी, अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. बंगळुरू आणि एफसी गोवा यांची नव्वद मिनिटे गोलाविना गेली, जादा वेळेत गोव्याचा एक खेळाडू लाल कार्डाने बाद झाला, आणि 117 व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर भेके याने डोक्याने गोल करून करंडक बंगळुरूला मिळवून दिला. दमलेल्या दहा जणांच्या संघाला कॉर्नरच्या वेळी प्रत्येक माणसावर माणूस लावणे दुरापास्त होते; कोण मोकळा राहील हे ज्याने आयुष्यभर दुसऱ्या बाजूने पाहिले आहे, त्या बचावपटूला ती मोकळी जागा आधी दिसली यात नवल नाही. पुढे तो मुंबई सिटीकडे गेला. एप्रिल 2022 मध्ये या क्लबाने इराकच्या एअर फोर्स क्लबाला 2-1 असे हरविले, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला; तेथेही विजयी गोल भेके याचाच होता.

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील अनस एडाथोडिका याची कहाणी याहून उशिराची. मुंबई एफसी आणि मग पुणे एफसी अशा महाराष्ट्रातील दोन क्लबांत त्याची उमेदीची वर्षे गेली, आणि भारतीय संघाचे दार त्याला मार्च 2017 मध्ये कंबोडियाविरुद्ध उघडले, तेव्हा तो तिशी ओलांडून बसला होता. याला अपवाद म्हणून गोव्याचे महेश गवळी यांचे नाव घ्यावे लागते. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीतून बाहेर पडलेले गवळी 1999 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच भारतासाठी खेळले आणि 2011 च्या दोह्यातील आशियाई चषकापर्यंत त्यांनी बचावफळीत जागा राखली. मला या अपवादात अकादमीचा वाटा मोठा दिसतो: लहान वयात रोज तोलामोलाच्या आघाडीवीरांसमोर उभे राहायला मिळाले, की चुका करण्याचा काळ आधीच उरकतो.

पुष्कळजण बचावात जन्मतः येतच नाहीत. मंदार राव देसाई डाव्या कडेचा आक्रमक होता, आदिल खान मधल्या फळीत वाढला; दोघेही पुढे मागे खेचले गेले आणि दोह्याच्या त्या रात्री चौघांच्या रेषेत उभे राहिले. उलट दिशेचा दाखलाही आपल्याच इतिहासात आहे. 1962 च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत डोक्याला जखम झालेले स्टॉपर जर्नेलसिंग यांना अंतिम सामन्यात आघाडीला खेळविण्यात आले, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या 2-1 अशा विजयात एक गोल त्यांचा होता.

शरीराने भरलेला सारा

पिकायला उशीर आणि गळायला घाई, अशी या पेशाची अडचण आहे. बचावपटूच्या धावा लांब नसतात, पण त्या थांबत, वळत, मागे सरकत केलेल्या असतात, आणि प्रत्येक वळणाचा भार गुडघ्यावर येतो. गुडघ्याच्या आत मांडीचे व नडगीचे हाड बांधून ठेवणारा एक अस्थिबंध आहे. पाय जमिनीत रुतलेला असताना अंग फिरले की तो तुटतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला बहुधा नऊ महिने लागतात. चिखलात रुतणाऱ्या लांब खिळ्यांच्या बुटांनी हा धोका वाढतो, हे मावळातील पालकांनी लक्षात ठेवावे. अनस याचे उदाहरण येथेही बोलके आहे. जानेवारी 2019 मधील आशियाई चषकात बहारीनविरुद्ध सामना सुरू होताच त्याला दुखापतीने बाहेर जावे लागले, भारत अखेरच्या क्षणीच्या पेनल्टीवर 0-1 असा हरला, आणि त्यानंतर लगेच त्याने आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती जाहीर केली. भारतीय संघात शिरल्याला दोन वर्षेही झाली नव्हती.

गुडघ्याची दुखापत निदान दिसते. डोक्याची दिसत नाही. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडमधील 7,676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून 2019 साली असे दाखविले, की मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी त्यांना मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वसामान्य माणसांच्या सुमारे साडेतीनपट होते. 2021 मध्ये त्याच नोंदींची जागांनुसार वाटणी केली गेली, तेव्हा गोलरक्षकांचा धोका सामान्य माणसाइतकाच निघाला, आणि बचावपटूंचा सर्वांत अधिक, जवळजवळ पाचपट. उंचावरून येणारा चेंडू डोक्याने परतविण्याचे काम ज्याच्या वाट्याला सर्वांत जास्त येते, त्याच्याच वाट्याला ही संख्या यावी, हे मला अत्यंत अस्वस्थ करणारे वाटते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी 2020 सालीच प्राथमिक शाळेतील मुलांना सरावात हेडिंग शिकविणे थांबविले, आणि 2021-22 च्या हंगामापासून इंग्लंडमधील व्यावसायिकांनाही सरावात आठवड्याला दहाहून अधिक जोरकस हेडिंग करू नये अशी शिफारस झाली. आपल्याकडे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला रांगेत उभे करून चेंडूवर डोके आपटायला लावणारे प्रशिक्षक अजून आढळतात. तो प्रकार बंद झाला पाहिजे. लहानपणी उडी, तोल आणि वेळ साधणे शिकवावे, डोक्याला चेंडू लावण्याची घाई करू नये.

नेमणूक, करार आणि बुडालेले क्लब

मागच्या पिढीचा बचावपटू पोटासाठी नोकरी करी आणि नोकरीसाठी फुटबॉल खेळे. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये आणि 1962 च्या जकार्ता विजयात उजव्या बगलेचा बचाव सांभाळणारे ओ. चंद्रशेखर मूळचे केरळचे, पण त्यांची बहराची वर्षे मुंबईच्या कॅलटेक्स कंपनीच्या संघात गेली, आणि 1963 साली महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला तेव्हा कर्णधार तेच होते. रेल्वे, विमान कंपन्या, बँका आणि कारखाने यांच्या संघांत खेळणारा माणूस हजेरीपटावर कारकून असे. पगार बेताचा, पण गुडघा गेला तरी नेमणूक कायम राही आणि निवृत्तीनंतर वेतन चालू राही.

आजचा खेळाडू मुदतबंद करारावर असतो. फिफाच्या नियमांनुसार करार किमान चालू हंगामाच्या अखेरपर्यंतचा आणि कमाल पाच वर्षांचा असतो. अठरा वर्षांखालील मुलाशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा करार करता येत नाही. मोबदला जुन्या नोकरीच्या तुलनेत फारच मोठा, परंतु मुदत संपली की हमीही संपली. आता ज्याचे काम घडलेल्या गोष्टींत दिसत नाही, त्याने करार नव्याने करताना आपली किंमत कशी पटवावी? आघाडीवीर गोलांचा आकडा पुढे ठेवतो. बचावपटूला कोणीतरी सलग दोन-तीन हंगाम जवळून पाहिलेले असावे लागते. त्याच्याशेजारी तेच सहकारी, मागे तोच गोलरक्षक आणि कडेला तोच प्रशिक्षक असावा लागतो. इटलीचे पाओलो मालदिनी 1985 ते 2009 अशी चोवीस वर्षे एकट्या मिलान क्लबात खेळले आणि चाळिशीत निवृत्त झाले; त्यांची थोरवी निर्विवाद, पण तेथे क्लब जागेवर होता हेही तितकेच खरे.

आमच्याकडे क्लबच जागेवर राहत नाही. 2006 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 साली बंद झाला. 2007 मध्ये निघालेला पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. मावळच्या वेशीवर, देहूरोडनजीक मामुर्डीला त्याचे सरावाचे मैदान होते, आणि लोणावळा लोकलने जाऊन-येऊन व्यावसायिक खेळाडूंचा सराव पाहणे इकडच्या मुलांच्या आवाक्यात होते. 2015 साली तो थांबला. डीएसके शिवाजीयन्स 2016-17 नंतर आय-लीगमधून बाहेर पडला. 2014 पासून बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. पाच वर्षांत एका शहराचे तीन क्लब गेले. यांत आघाडीवीरांचेही हाल झाले, पण जोडीने, वर्षानुवर्षे, एकमेकांच्या सवयी ओळखून पिकणाऱ्या बचावपटूंचे नुकसान सर्वांत मोठे. कारण प्रत्येक नव्या संघात त्यांना नव्या शेजाऱ्याबरोबर रेषा पहिल्यापासून बांधावी लागते.

शेवटच्या शिट्टीनंतर

मैदान सोडल्यावर बचावपटूंपैकी पुष्कळजण प्रशिक्षणाकडे वळतात, आणि ते स्वाभाविक आहे. सारा खेळ समोर ठेवून पाहण्याची आणि इतरांना मोठ्याने सांगण्याची सवय त्यांना कारकीर्दीतच जडलेली असते. महेश गवळी हे भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले, आणि 4 जुलै 2023 रोजी बंगळुरूत कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून भारताने सॅफ करंडक जिंकला तेव्हा, मुख्य प्रशिक्षक निलंबित असल्याने, कडेला उभे राहून संघ चालविण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

गावोगावच्या छोट्या क्लबांसाठी मात्र एक निराळी गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. करार चालू असलेला खेळाडू मोबदला घेऊन परदेशी क्लबाकडे दिला गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के भाग, वयाच्या बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्यांनी त्याला घडविले त्या क्लबांत वाटावा, असा फिफाचा नियम आहे. बारा ते पंधरा या चार वर्षांसाठी दर हंगामाला पाव टक्का आणि पुढच्या आठ वर्षांसाठी दर हंगामाला अर्धा टक्का, अशी ती वाटणी आहे. समजा, एक कोटी रुपयांना खेळाडू परदेशी गेला आणि त्याची बारा ते पंधरा ही चार वर्षे लोणावळ्याच्या एखाद्या लहानशा क्लबात गेली असतील, तर त्या क्लबाचा हक्क एक लाख रुपयांचा होतो. तेवढ्यात मुलांचे चेंडू, बूट आणि दोन हंगामांचे मैदानभाडे आरामात निघेल. या हक्काचा मुख्य आधार असतो तो एक कागद: मुलगा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे नोंदलेला होता, याचा संघटनेच्या दप्तरातील दाखला. तेरा वर्षांखालील स्पर्धेला मुले उतरविताना ही नोंदणी जन्मतारखेच्या पुराव्यासह रीतसर करून घ्यावी आणि तिची एक प्रत क्लबाच्या कपाटात ठेवावी. ती नसेल, तर पुढे मुलगा कितीही मोठा झाला तरी हा हक्क सिद्ध करणे अवघड होते.